शिवरात्र ते ईस्टर : वाफ्यात काय, पिशवीत काय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यंदा (२०२६) महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला, म्हणजे रविवारी आहे. तिथून गुढीपाडवा (१९ मार्च) बत्तीस दिवसांवर आणि ईस्टर (५ एप्रिल) एकोणपन्नास दिवसांवर. तांबडा माठ पेरल्यापासून पंचवीस-तीस दिवसांत काढणीला येतो आणि भेंडीचा पहिला तोडा पंचेचाळीस ते पन्नास दिवसांत. त्या रविवारी सोसायटीच्या मोकळ्या जागेत बी पडले, तर पाडव्याच्या ताटात माठ आणि ईस्टरच्या जेवणात भेंडी वाफ्यातली येते. दोन आठवडे उशीर झाला की दोन्ही सण हुकतात. त्याआधी घाई करूनही उपयोग नाही. थंडी शिवरात्रीला ‘शिव शिव’ म्हणत गेल्याशिवाय भेंडीचे बी धड उगवत नाही, गार ओल्या मातीत ते कुजते.

सणाला लागणाऱ्या बाकीच्या वस्तू वाफ्यात होणार नाहीत, पण त्या सांगली जिल्ह्याच्या शिवारात याच दिवसांत तयार होतात. हळद निघते, शाळू (रब्बी ज्वारी) खळ्यावर येतो, गुऱ्हाळांचा हंगाम संपत आलेला असतो, तासगाव-कवठेमहांकाळकडे बेदाण्याची शेड भरलेली असतात. म्हणून वाफा आणि बाजाराची पिशवी या दोन्हींबद्दल एकत्र लिहीत आहोत. विश्रामबाग, मिरज, कुपवाड भागातील सोसायट्यांना आणि कॉलन्यांना उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

आधी जागा. ले-आऊटमधील मोकळा भूखंड असेल तर तो महापालिकेच्या ताब्यात आहे की सोसायटीच्या, हे कागदावर पाहावे. पालिकेचा असेल तर उद्यान विभागाकडे लेखी अर्ज, सोसायटीचा असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव. तोंडी होकारावर वाफे करू नयेत, पावसाळ्यात कोणीतरी हरकत घेते आणि उभे पीक काढावे लागते. जागेला सकाळपासून दुपारपर्यंत किमान सहा तास ऊन हवे. पश्चिमेकडे भिंत किंवा झाड असेल तर उत्तमच, कारण एप्रिलचे दुपारनंतरचे ऊन पिकाला झेपत नाही.

अशा बहुतेक जागांवर बांधकामाचा राडारोडा पुरलेला असतो. विटांचे तुकडे दिसतात, पण खरा त्रास सिमेंट-चुन्याचा. त्याने माती जास्त अल्कधर्मी होते, लोह असूनही मुळांना घेता येत नाही आणि शेंड्याकडची पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक युरिया टाकत बसतात आणि रोप सुधारत नाही. वरचा फूटभर थर चाळून राडा बाहेर काढणे हाच उपाय. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीचे दुसरे दुखणे क्षारांचे. वाळल्यावर जमिनीवर पांढरी पापडी धरत असेल, तर बी विकत घेण्याआधी माती आणि पाणी तपासून घ्या. नमुना घेताना पाच-सहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा वीतभर खोल खड्डा करून कडेची माती खरवडायची, एकत्र करायची, सावलीत वाळवायची आणि त्यातली अर्धा किलो द्यायची. शेणखत घालून झाल्यावर नमुना काढू नये.

पाण्याबाबत सोसायट्यांत हमखास होणाऱ्या दोन चुका सांगणे भाग आहे. बोअरच्या पाण्याला सॉफ्टनर बसवलेला असेल, तर बागेची लाईन सॉफ्टनरच्या आधीच काढून घ्या. सॉफ्टनर पाण्यातला कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम देतो आणि सोडियमने काळी माती चिकट, घट्ट होऊन पाणी मुरायचे थांबते. दुसरी चूक, आर.ओ. मशीनचे टाकाऊ पाणी ‘वाया कशाला घालवायचे’ म्हणून वाफ्यात सोडणे. मूळ पाण्यातले क्षार त्यात आणखी दाट झालेले असतात. ते फरशीला वापरा, भाजीला नको. तपासणीत पाण्याचा ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचे माप, डेसीसायमन प्रति मीटरमध्ये) ०.७५ पर्यंत असेल तर निर्धास्त राहावे. २.२५ च्या वर असेल तर भाजीपाला लावूच नये, आणि मधल्या पट्ट्यात भेंडी-घेवड्यापेक्षा पालक आणि बीट तग धरतात.

आता वाफा. परदेशी व्हिडिओ पाहून लाकडी चौकटीचे उंच वाफे करण्याची हौस वाढली आहे. तिकडे वसंत म्हणजे बर्फ वितळून ओल साचण्याचा काळ. उंच वाफ्याने पाणी निथळते आणि माती लवकर तापते. आपला वसंत म्हणजे उन्हाळ्याचा उंबरठा. इथे उंच वाफा चारी बाजूंनी सुकतो आणि एप्रिलमध्ये दिवसातून दोनदा पाणी मागतो. शिवरात्रीला वाफा जमिनीच्या पातळीत किंवा तीन-चार बोटे खोलगट करा, कडेने वरंबा ठेवा. हाच वाफा मृगाच्या आधी उचलून गादीवाफा करायचा.

चार फूट रुंद, दहा फूट लांब हे माप सोयीचे, कारण दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोहोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. दोन वाफ्यांत दीड फुटाची वाट. माती टिकावाने फूटभर खणून आठवडाभर उन्हात तापू द्या. मग वाफ्याला दोन घमेली कुजलेले शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड मिसळा. ‘कुजलेले’ या शब्दावर आमचा भर आहे. मुठीत धरल्यावर भुरभुरते, हाताला गार लागते, वास ओल्या मातीचा येतो आणि शेणाची पोवटी ओळखू येत नाही, ते खत कुजलेले. कच्च्या शेणातून हुमणीच्या अळ्या येतात. आपल्याकडच्या ऊसकऱ्यांना हुमणी काय करते ते सांगायला नको. मार्चमध्ये हिरवेगार रोप दुपारी एकाएकी माना टाकते, उपटले तर मूळ कुरतडलेले निघते आणि मातीत पांढरी, ‘सी’सारखी वळलेली अळी सापडते. साखर कारखान्याची मळी (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ, प्रेसमड) मिळत असेल तर तीही तीन-चार महिने कुजवलेलीच घ्या. ताजी मळी आतून तापते आणि कोवळी मुळे भाजून काढते.

ऊसतोड चालू आहे तोवर पाचट (उसाची वाळलेली पाने) गोळा करून ठेवा. फडात ते पेटवून दिले जाते, मागितले तर बहुतेक शेतकरी फुकट देतात. रोपे वीतभर झाल्यावर ओळींमधून चार बोटे जाडीचा पाचटाचा थर पसरायचा, खोडापासून चार बोटे दूर. पसरण्याआधी ते भिजवा, म्हणजे वाऱ्याने उडत नाही आणि ठिणगीची भीती राहत नाही. मातीत मात्र पाचट मिसळू नका. ते कुजवणारे जीवाणू मातीतला नत्र आधी स्वतः खातात आणि पीक पिवळे पडते. पाचटाचा हिशोब पाण्यात दिसतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाणी उडते, म्हणजे एका वाफ्याला रोज पंचवीस ते तीस लिटर, मोठ्या दोन बादल्या. वीस वाफे असतील तर रोज सहाशे लिटर. एवढे पाणी आहे का, हे मोजल्याशिवाय वीस वाफे आखू नयेत. काळ्या मातीत पाचट असेल तर दिवसाआड पाण्यावर भागते. पाणी सकाळी नऊच्या आत.

बियाण्याच्या पाकिटावर उगवण तपासणीची तारीख आणि वैधता छापलेली असते, ती बघूनच घ्या. पुढच्या वर्षी स्वतःचे बी धरायचे असेल तर संकरित न घेता सुधारित सरळ वाण घ्यावे. भेंडीत परभणी क्रांती किंवा फुले उत्कर्षा, गवारीत पुसा नवबहार, दोडक्यात फुले सुचेता, कारल्यात हिरकणी, दुधीत सम्राट. लाल-हिरवा रंग लावलेले बी विषारी औषधाचे असते, ते लहान मुलांच्या हाती देऊ नये.

माठाचे बी खसखशीएवढे. पाच ग्रॅम बी ओंजळभर कोरड्या वाळूत मिसळून वाफ्यात बोटभर अंतराच्या ओळींत सोडायचे आणि वरून फक्त भुरभुर माती. खोल गेले की उगवत नाही. झारीनेच पाणी द्या, पाइपच्या धारेने बी एका कोपऱ्यात वाहून जाते. वर ओले गोणपाट टाकावे, म्हणजे मुंग्याही बी नेत नाहीत. तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी गोणपाटाचे टोक उचलून बघा. लालसर कोंबांची रांगोळी दिसली की त्याच संध्याकाळी गोणपाट काढायचे. एक दिवस जास्त राहिले तर रोपे दोऱ्यासारखी पांढरी होऊन लोळतात. कोथिंबिरीचे धणे चपलेखाली हलके रगडून दोन फाकी कराव्यात, रात्रभर भिजवावेत आणि वाफ्यावर पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी बांधावी. उघड्या उन्हात ती पंधरा-वीस पाने होताच फुलोऱ्यावर जाते.

भेंडीचे बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, दीड फुटांच्या ओळीत अर्ध्या फुटावर, पेरभर खोल टोकायचे. एका वाफ्यात साठ झाडे बसतात. चौघांच्या घराला पंधरा-वीस झाडे पुरतात, म्हणजे एक वाफा तीन-चार घरांचा. तोडणी दिवसाआड झालीच पाहिजे. एक तोडा चुकला की भेंडी जून होते आणि झाड नवे फूल धरायचे कमी करते. सामूहिक बागेत भांडण नेमके तोडणीवरून होते. आमच्या मते घरागणिक वाफे वाटून देण्यापेक्षा वार वाटून द्यावेत : ज्याचा वार, त्याने पाणी द्यायचे आणि त्या दिवशीची तोडणी त्याची. मे महिन्यात माणसे गावी जातात तेव्हा वारांची अदलाबदल फलकावर लिहून ठेवावी. उन्हाळी बागा रोगापेक्षा याच महिन्यात, पाण्यावाचून जास्त मरतात.

भेंडीची पाने शिरांपासून पिवळी पडू लागली तर तो हळद्या. पांढऱ्या माशीने पसरणारा विषाणू आहे, औषध नाही. झाड उपटून पिशवीत बांधून बाहेर टाका. माशीसाठी पिवळे चिकट सापळे आणि आठ-दहा दिवसांनी पाच टक्के निंबोळी अर्क : पन्नास ग्रॅम निंबोळीचा भरडा लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण घालून, संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारायचा.

वेलांची तक्रार एकच असते, ‘फुले भरपूर, फळ नाही’. मादी फुलाच्या देठाशी बोटाच्या पेराएवढे बाळफळ असते, नर फुलाला नुसता लांब देठ. पहिले दहा-पंधरा दिवस नर फुलेच जास्त येतात, त्यात काही बिघडलेले नसते. त्यानंतरही बाळफळ पिवळे पडून गळत असेल तर परागीकरण होत नाही. दुधी आणि दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात, कारली-काकडीची सकाळी. इमारतींच्या गर्दीत संध्याकाळी हिंडणारे कीटक कमी. नर फूल तोडून, पाकळ्या मागे मुडपून, त्याचा पिवळा पराग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरते. शाळेतली मुले हे काम मोठ्यांपेक्षा छान करतात.

आता पिशवीकडे. आठवडी बाजारात एक-दोनच वस्तू घेऊन बसलेला माणूस बहुधा स्वतः पिकवणारा असतो. बारा तऱ्हेची भाजी मांडणारा व्यापारी. दोघेही कष्ट करतात, पण सणाची खरेदी पहिल्याकडून व्हावी असे आम्हांला मनापासून वाटते. पोषाखी मागणी मात्र नको. कृष्णाकाठची वांगी सगळी एकसारखी, चकचकीत नसतात. देठ हिरवा आणि काटेरी असावा, वांगे हाताला जड न लागता हलके लागावे, मग ते बिनबियांचे कोवळे निघते.

सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरी आपल्याच गावात पाकिटातली पूड घेतली जाते. हळकुंडे आणा, उन्हात एक दिवस ठेवा आणि गिरणीतून दळून घ्या. मोडल्यावर आत गडद नारिंगी दिसावे. हळकुंड पाण्यात टाकताच पाणी भडक पिवळे झाले तर वरून रंग चोळलेला आहे. पूडच घ्यायची असेल तर ग्लासभर पाण्यात चमचाभर टाका आणि न हलवता तशीच ठेवा. शुद्ध हळद तळाशी बसते आणि वर फिकट पिवळे पाणी राहते.

गुळाचा पांढुरकेपणा हायड्रॉस या रंग उडवणाऱ्या रासायनिक पावडरीने येतो. तपकिरी, किंचित ओलसर आणि तोंडात खारट न लागणारा घ्यावा. बेदाण्यात हिरवा-पिवळा माल गंधकाची धुरी दिलेला असतो. दमा असलेल्यांनी तो टाळून तपकिरी घ्यावा, खीर आणि केक दोन्हींत तो चांगला लागतो. शाळू जत, आटपाडी, कवठेमहांकाळचा मालदांडी. दाणा दाताखाली ‘कट्’ वाजला पाहिजे, दबला तर ओल आहे आणि भरून ठेवल्यावर किडा लागणार. पुरणपोळीला आणि खिरीला खपली गहू मिळतो का, तेही विचारून बघा. पंचवीस घरांनी मिळून मागणी केली, घरामागे दोन किलो गूळ, किलोभर हळकुंडे, किलोभर बेदाणा आणि पंचवीस किलो शाळू, तर सगळे मिळून सव्वासातशे किलो होते आणि एका छोट्या हत्तीत बसते. भाडे एकदाच लागते. पिकवणाऱ्याला बाजारभावापेक्षा चार पैसे जास्त आणि घराला दुकानापेक्षा चार पैसे कमी, असा भाव आधीच बोलून ठेवावा.

मिरजेत आणि सांगलीत ख्रिस्ती कुटुंबे पुष्कळ आहेत. झावळ्यांचा रविवार २९ मार्चला, उत्तम शुक्रवार ३ एप्रिलला. ईस्टरच्या अंड्यांसाठी बाजारी रंगांची गरज नाही. अंडी गावरान घ्या, पण रंगवायच्या पाच-सहा दिवस आधी आणून ठेवा, अगदी ताज्या अंड्याचे कवच उकडल्यावर नीट सुटत नाही. पाण्यात आडवे बसते ते ताजे, उभे राहते ते जुने पण खाण्याजोगे, तरंगते ते टाकून द्यावे. लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे हळद किंवा आठ-दहा कांद्यांची साले वीस मिनिटे उकळा, गाळा, दोन मोठे चमचे पांढरे व्हिनेगर घाला. व्हिनेगरने कवच किंचित खरबरीत होते आणि रंग धरतो. पांढऱ्या अंड्यावर हळद खुलते, गावरानच्या बदामी कवचावर कांद्याची साले विटकरी रंग देतात. वाफ्यातल्या कोथिंबिरीचे एक पान ओले करून अंड्यावर चिकटवा, जुन्या पातळ मलमलीत घट्ट बांधून तासभर रंगात ठेवा. सोडल्यावर पानाची नक्षी शिरांसकट उमटलेली असते. एप्रिलच्या उष्म्यात उकडलेली अंडी तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नयेत. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतात.

महापालिकेकडे एक मागणी. पाडव्याआधीचा रविवार, १५ मार्च, आणि ईस्टरआधीचा शनिवार, ४ एप्रिल, या दोन दिवशी सकाळी सहा ते दहा विश्रामबाग आणि मिरज येथे एकेक मोकळी जागा, पिण्याचे पाणी आणि सावलीचा मांडव एवढे करून फक्त पिकवणाऱ्यांना बसू द्यावे. पणन मंडळाचा संत शिरोमणी श्री सावता माळी शेतकरी आठवडे बाजार हा उपक्रम आहेच, त्याच धर्तीवर हे होऊ शकते. जागा महिनाभर आधी जाहीर व्हावी, म्हणजे जत-आटपाडीकडच्या शेतकऱ्यांना गाडी ठरवता येईल.

— सोसायटीची परसबाग सांभाळणारे काही रहिवासी, विश्रामबाग, सांगली